जायला दीड, यायला साडेचार

सुपारी फुटायची तेवढी राहिली होती, तेव्हा गीताबाईंनी आतल्या दाराची चौकट धरून तो प्रश्न विचारला.

तोवर बैठक कशी झकास जमली होती. मुलाकडची मंडळी बोरीहून सकाळच्या एस.टी.नं परभणीत उतरली होती. पोहे झाले, चहा झाला, मानपानाचं बोलणं भांडण न होता झालं. मुलाचे वडील मुंजाजी लोडाला टेकून, पेरणी वेळेवर उरकलेल्या माणसाच्या समाधानानं पान चघळत होते. मुलगा माणिक मस्कतला एका कंपनीत विजेच्या कामावर सुपरवायझर होता. मागं सुट्टीवर आला तेव्हा दत्तरावांची कस्तुरा पाहून, पसंत करून, तो परत कामावर रुजूही झाला होता. आता वडीलधाऱ्यांनी फक्त सुपारी फोडायची होती.

"एक इचारू का?" गीताबाई म्हणाल्या. "मस्कत म्हंजे नेमकं किती लांब पडतंय?"

"कुटलं लांब घेऊन बसलाव, ईनबाई!" मुंजाजींनी हात उडवला. "मुंबईत इमानात बसलं की दीड तास. परभणीहून जिंतूरला एष्टी तेवढाच वख्त खाती."

गीताबाईंचा जीव भांड्यात पडला. जिंतूर म्हणजे काय, सकाळी पुरणपोळीचा डबा घेऊन निघावं आणि दिवेलागणीला घरी यावं. पण आईचा जीव भांड्यात फार वेळ राहत नाही. "आन् पोरीला माहेराला यायचं झालं तर?"

"यायला साडेचार," मुंजाजी म्हणाले आणि त्यांनी तबकातली दुसरी सुपारी उचलली.

बसलेल्या चुलत्या-मामांपैकी कुणालाही यात वावगं वाटलं नाही. एकटे दत्तराव मात्र टाचणी टोचल्यासारखे ताठ झाले.

दत्तराव पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. देवावर त्यांचा विश्वास होता, पण तो सणावारापुरता. बारमाही विश्वास एकाच गोष्टीवर: जेवढं जायचं अंतर, तेवढंच यायचं. येलदरी धरणावरच्या एका ओव्हरसियरनं प्रवासभत्त्याच्या बिलात जायचे किलोमीटर आणि यायचे किलोमीटर यांत दोनाचा फरक दाखवला होता, तर दत्तरावांनी ते बिल तीनदा परत धाडलं होतं. ओव्हरसियर म्हणाला, येताना रस्ता खोदला होता, वळसा पडला. दत्तराव म्हणाले, वळशाचा दाखला आणा. शेवटी त्या गृहस्थानं बदली करून घेतली. आणि आज त्यांच्याच घरात, त्यांच्याच सतरंजीवर बसून, होणारा व्याही सरळसरळ तीन तासांचा फरक दाखवत होता.

"जायला दीड आन् यायला साडेचार? ते कसं काय?"

"आता ते मला काय ठावं? पोरगं सांगतंय. सकाळी धाला मुंबईत बसलं, साडेअकराला मस्कतात उतरलं. येताना दुपारी एकला बसलं, साडेपाचला मुंबईत. घड्याळ हाय त्याच्याकडं, सोनेरी पट्ट्याचं."

"पण इमान तेच ना?"

"इमान तेच, रस्ता त्योच."

दत्तरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ऑफिसात हे झालं की समोरचा कारकून समजून जायचा की आता फाईल अडली. "असं करू," ते म्हणाले, "सुपारी येत्या गुरवारी फोडू. एवढा एक खुलासा होऊ द्या."

"कशाचा खुलासा?"

"तीन तासांचा."

मुंजाजी उठले. त्यांच्यामागं बाकीची मंडळीही उठली. "बगा बा, तुमच्या मनात दुसरं काय असंल तर तसं सांगा," एवढं बोलून त्यांनी पायात जोडे सरकवले. ते गेल्यावर आतून पातेली आपटल्याचा आवाज सुरू झाला, आणि त्यापाठोपाठ गीताबाई.

"तुमी पोरीचं लग्न जमवायलाव का बिल पास करायलाव?"

"हिशेब जुळायला नको का?"

"माझा जीव जुळला होता त्या पोरावर. हिशेब कशाला पायजे?"

दत्तराव शर्ट चढवून बाहेर पडले.

गल्लीच्या तोंडाशी भुजंगराव राहायचे. एस.टी.तून रिटायर झालेले ड्रायव्हर. दळणवळणाच्या कुठल्याही प्रश्नावर गल्ली आधी त्यांच्याकडं जाई. बाजेवर बसून त्यांनी दत्तरावांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि तंबाखू मळत निकाल दिला.

"घाट असणार."

"हवेत घाट?"

"बगा. पाणी कुणीकडं वाहतंय? समिंदराकडं. म्हंजे तिकडं उतार झाला का न्हाई? जाताना गाडी मोकळी सोडली तरी पळती. येताना चढ. पैल्या गेरात आणावं लागतंय. कन्नडचा घाट मी उगंच चढलो का इतकी वर्षं?"

"विमानाला गेर असतो?"

"नसला तर वर चढतंय कसं?"

दत्तरावांना हे पटलं नाही, पण खोडूनही काढता येईना. पटलं नसताना खोडताही न येणं ही हेडक्लार्क माणसाला फार झोंबणारी अवस्था असते. त्या तिरीमिरीत ते थेट रेल्वे स्टेशनवर गेले. प्रवासाची सरकारी चौकशी जिथं होते ती एकच खिडकी त्यांना ठाऊक होती. खिडकीतल्या बाबूनं 'मस्कत' हा शब्द दोनदा म्हणवून घेतला, जाडजूड वेळापत्रक उलटं-सुलटं चाळलं आणि डोकं वर न काढता विचारलं, "मुदखेडच्या अलीकडं का पलीकडं?"

"समुद्राच्या पलीकडं."

"ते साउथ सेंट्रलमध्ये येत नाही," बाबू म्हणाला. त्यानं खिडकीची फळी पाडली.

उरले आबासाहेब. आबासाहेब कृषी विद्यापीठात हवामानाचे प्राध्यापक. पाऊस येणार की नाही हे ते सोडून सगळ्यांना कळायचं, असं लोक म्हणत. पण पाऊस का आला नाही हे त्यांच्याइतकं कुणालाच सांगता येत नसे. त्यांना प्रश्न फारच आवडला. दत्तरावांना खुर्ची दिली, चहा मागवला, आणि आपल्या धाकट्या मुलाच्या पाटीवर खडूनं अरबी समुद्र काढला. मग वारे काढले, बाण काढले, वाऱ्यांच्या वरचे वारे काढले. पाटी भरल्यावर फरशीवर काढले. चहा गार झाला तेव्हा आबासाहेब थांबले आणि आपल्याच बाणांकडं बघत गंभीर झाले.

"दत्तराव, एक घोटाळा आहे. वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे. म्हणजे येताना वारा पाठीशी. शास्त्राप्रमाणे यायलाच कमी वेळ लागायला पाहिजे."

"आणि लागतोय तिप्पट."

"मग एक तर शास्त्र चुकलं, नाही तर मुलगा." आबासाहेबांनी खडूचे हात झटकले. "शास्त्र सहसा चुकत नाही."

दत्तराव घरी आले ते या वाक्यानं छातीवर दगड ठेवल्यासारखे. लग्न मोडावं असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. माणिक त्यांनाही आवडला होता. नम्र होता, नमस्कार वाकून करत होता, आणि बोलताना ऐकणाऱ्याकडं बघत होता. पण असा मुलगा खोटं का बोलेल? आणि एवढ्या बिनकामाच्या गोष्टीत खोटं बोलत असेल, तर कामाच्या गोष्टींत काय करत असेल?

इकडं गल्ली थांबली नव्हती. 'जायला सोपं, यायला अवघड' एवढं वाक्य भुजंगरावांच्या बाजेवरून निघून नळावर पोचलं. तिथं भुजंगरावांच्या पार्वतीबाई घागर लावून उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं, घागर भरू दिली, आणि मग म्हणाल्या, "जायला सोपं आन् यायला अवघड, अशा दोनच जागा असतात बाई. एक मसणवटा, आन् दुसरं जेल. पोरगं तर जित्तं हाय."

बायकांनी भरल्या-न भरल्या घागरी उचलल्या आणि घरं गाठली.

संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं होतं की दत्तरावांचा होणारा जावई मस्कतच्या तुरुंगात आहे. कशापायी, यावर दोन पक्ष होते. एक सोन्याचा, एक खुनाचा. सोन्याच्या पक्षाकडं सोनेरी पट्ट्याच्या घड्याळाचा पुरावा होता. महिन्याभरापूर्वी हाच मुलगा याच गल्लीत चहा पिऊन गेला होता, ही गोष्ट कुणाच्या आड आली नाही. कैद्याला रजा मिळते, असं कुणीतरी सांगितलं.

कस्तुरा हे सगळं ऐकत होती. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती, पण या घरात आकड्यांवर बोलायचा मान वडिलांचा होता, म्हणून गप्प होती. दुसऱ्या दिवशी दत्तराव जेवायला बसले तेव्हा तिनं भाकरी वाढली आणि ती तिथंच उभी राहिली.

"अण्णा, तुमी जायचं-यायचं मोजायलाव. मला जायचंय का, हे कुणी इचारलंच न्हाई."

दत्तरावांचा घास हातात राहिला. "तुला जायचंय?"

"जायचंय. ते म्हणले, तिथं डोंगर काळे हायत, आन् डोंगर संपला की लगेच समुद्र. मी पूर्णा जंक्शनच्या पुढं गेलेली न्हाई, अण्णा."

"पण वेळ..."

"दीड तास लागू द्या न्हाई तर दीड दिस."

ती आत गेली. दत्तरावांना वाईट वाटलं. मुलीनं जावं हे ठीक, पण निदान थोडे आढेवेढे तरी घ्यावेत, अशी त्यांची बाप म्हणून किमान अपेक्षा होती.

गुरुवार उजाडला आणि मुंजाजी एकटेच आले. ना चुलते, ना मामा. पटका बांधलेला, पण डोळे लाल. अंगणातूनच त्यांचा आवाज सुरू झाला.

"कुटं हायत हेडक्लार्क? माझ्या पोराला जेलात घातलं म्हणं तुमी?"

"मी?" दत्तराव हातातला टॉवेल घेऊन बाहेर आले.

"तुमी न्हाई तर कुणी? काल बोरीच्या बाजारात मला एक जण म्हणतोय, 'मुंजाजी, पोराला जामीन मिळाला का?' माझ्या बापजाद्यात कुणी कोर्टाची पायरी चढलं न्हाई! पोराची आई जेवंना झाली."

दत्तराव म्हणाले, त्यांनी फक्त तीन तासांचा खुलासा मागितला होता. मुंजाजी म्हणाले, खुलाशाला चूल दाखवा. आवाज वाढला. भुजंगराव आले. नळावरच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन आल्या. आबासाहेब विद्यापीठात निघाले होते, तेही सायकल टेकवून थांबले. एवढ्यात कस्तुरा तांब्या घेऊन बाहेर आली, तिनं मुंजाजींच्या पायावर पाणी घातलं, आणि प्यायला दिलं. म्हातारा गटागटा प्याला आणि जरा खाली आला.

"ह्या पोरीकडं बगून बोलतो," मुंजाजी म्हणाले. "चला डाकघरात. टरंकाल लावा. माझ्या पोरालाच इचारा, तुमच्या तोंडानं. खोटं निघालं तर मी हितनंच परत जातो. खरं निघालं तर तितंच सुपारी फोडायची."

त्या दिवशी दत्तरावांनी अर्धी रजा टाकली. तार ऑफिसातल्या बाबूनं अर्जंट कॉल लावून घेतला, पण मस्कतची लाईन काही मिळेना. दुपार गेली. मध्येच एकदा लाईन लागली ती मिरजेला. तिथल्या माणसाशी मुंजाजी थोडा वेळ माणिक समजून बोलले आणि त्यानंही तब्येतीची चौकशी केली. बाकड्यावर गल्लीतली मंडळी आलटून-पालटून बसत होती. गीताबाईंनी डबा आणला, तो व्याही-व्याह्यांनी एकमेकांकडं न बघता एकाच डब्यातून खाल्ला. अंधार पडला, भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजले, आणि बाबू ओरडला, "मस्कत! बोला, मोठ्यानं बोला!"

दत्तरावांनी रिसीव्हर धरला. आपण काय विचारायचं हे त्यांनी दिवसभर घोकलं होतं. पण पहिल्या ट्रंक कॉलच्या धसक्यानं घोकलेलं सगळं उडालं, आणि तोंडातून आला तो माणूस घाबरल्यावर विचारतो तोच प्रश्न.

"हॅलो! किती वाजले?"

"मामा? साडेसहा!" लांबून, पाण्याखालून आल्यासारखा माणिकचा आवाज आला.

दत्तरावांनी भिंतीकडं बघितलं. आठ. त्यांचा चेहरा उजळला. अखेर घोटाळा हाती लागला होता.

"तुमचं घड्याळ दीड तास मागं आहे!"

"होय मामा! हितं दीड तास मागंच असतंय!"

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं!"

"मग दुरुस्त का करून घेत नाही?"

मग माणिक सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं, पण अदब सांभाळून म्हणाला, "मामा, हितं सूर्य उशिरा उगवतोय. तुमच्याकडनं निघून मग येतोय ना आमच्याकडं. म्हणून—"

लाईन तुटली.

दत्तराव रिसीव्हर हातात धरून उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते. दहाला मुंबईत बसला. साडेअकराला उतरला, ते तिथलं घड्याळ. इथलं एक. म्हणजे तीन. येताना एकला बसला, तिथलं घड्याळ. इथलं अडीच. साडेपाचला उतरला. म्हणजे तीन. जायला तीन, यायला तीन. त्यांच्या आयुष्यात इतकं सुंदर बिल कधी टेबलावर आलं नव्हतं, आणि इतकं लाजिरवाणंही नाही. सबंध परभणीसमोर त्यांनी जावयाला सूर्य दुरुस्त करायला सांगितलं होतं.

"काय म्हणला?" मुंजाजींनी विचारलं.

दत्तरावांनी रिसीव्हर ठेवला. "तीन तास. जायलाही आणि यायलाही. मुलगा खरं बोलत होता. चूक माझी."

'चूक माझी' हे शब्द त्यांनी सरकारी नोकरीत कधी उच्चारले नव्हते, त्यामुळं ते नीट उच्चारले गेले नाहीत. पण मुंजाजींना पोचले. म्हाताऱ्यानं खिशातून सुपारी काढली. दिवसभर खिशात होती. तिला तंबाखूचा वास लागला होता. तार ऑफिसच्या पायरीवर, बाबूनं दिलेल्या शिक्क्याच्या दांड्यानं ती फोडली गेली.

"आमचं पोरगं हुशार," घरी जाताना मुंजाजी सगळ्यांना सांगत होते. "दीडाचेबी तीन केले आन् साडेचाराचेबी तीन."

भुजंगरावांनी घाट शेवटपर्यंत सोडला नाही. आबासाहेबांनी आपण घड्याळाकडं लक्षच दिलं नव्हतं हे मान्य केलं आणि वाऱ्यांच्या दिशा बरोबर होत्या याकडं सगळ्यांचं लक्ष वेधलं. नळावर तुरुंग मागं पडला, आणि ज्या गावातली सगळी घड्याळं मागं पडलेली, तिथं पोरगी द्यावी लागतेय म्हणून बायका हळहळू लागल्या.

लग्न उन्हाळ्यात झालं. माणिक आला, पंधरा दिवस राहिला, आणि कस्तुराला घेऊन निघाला. दत्तराव आणि गीताबाई पोचवायला मुंबईपर्यंत गेले. विमानतळावर एका काचेच्या दारापाशी त्यांना अडवलं. कस्तुरा पलीकडं गेली, वळून हात हलवला, आणि मग ट्रॉल्यांच्या गर्दीत तिची मोतिया रंगाची साडी दिसेनाशी झाली. विमान त्यांना दिसलंच नाही. गीताबाई तरी बराच वेळ आभाळाकडं बघत होत्या.

तिथून दोघं परभणीला निघाले. मनमाडला उतरले तेव्हा मीटर गेजची छोटी गाडी नुकतीच गेली होती. रात्र बाकावर काढली. दुसऱ्या दिवशीच्या गाडीत जागा मिळाली ती संडासाच्या दारात. जालन्याच्या अलीकडं गाडी थांबली ती थांबलीच. विद्यापीठाच्या नामांतराचे ते दिवस होते. रुळांवर माणसं बसली होती, निळे झेंडे होते, घोषणा चालल्या होत्या. उन्हात डबे तापले. दत्तराव खाली उतरून पुढं गेले आणि रुळावर बसलेल्या एका तरुण मास्तरासारख्या दिसणाऱ्या माणसाला त्यांनी विचारलं, "किती वेळ लागेल?"

तो माणूस रागावला नाही. घाम पुसत म्हणाला, "काका, ठराव होऊन आठ वर्षं झाली. आमी थांबलोच ना. तुमी घटकाभर थांबा की."

आठ वर्षं पडून राहिलेल्या फाईलचा अर्थ हेडक्लार्काला सांगावा लागत नाही. दत्तराव परत डब्याकडं आले. गीताबाईंनी लेकीसाठी केलेले आणि तिनं ओझं नको म्हणून परत दिलेले धपाटे डब्यात होते. ते घेऊन त्या खाली उतरल्या आणि रुळावर बसलेल्या बायकांच्या पोरांना वाटून आल्या.

पोलिस आले, बोलणी झाली, गाडी निघाली, पुढं परतूरला पुन्हा अडली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं पिशव्या घेऊन गल्लीत शिरले तेव्हा दोघांनाही ओळखणं अवघड होतं. आबासाहेबांच्या दारात सगळी गल्ली जमलेली. आबासाहेबांकडं त्याच महिन्यात फोन बसला होता, आणि त्यांच्या सौभाग्यवती त्यात ओरडत होत्या, "आले! आले! अहो, धरून ठेवा, ठेवू नका!"

गीताबाईंना धरून आत नेलं आणि कानाला रिसीव्हर लावला.

रस्ताभर त्यांनी ठरवलं होतं, पोरीशी बोलायला मिळालं की काय सांगायचं. घाबरू नकू म्हणायचं, जेवत जा म्हणायचं, नवं हाय, होईल सवय म्हणायचं. पण पलीकडं पोरगी हमसून रडत होती.

"आई? कुटं होताव गं तुमी? परवापासून चारदा फोन लावला. ते म्हणले, गाड्या अडवल्यात. मी हितं येऊन घर लावलं, भात केला, शेजारणीला हळदी-कुंकवाला बोलावलं, आन् तुमचा पत्ताच न्हाई. माझ्या जिवाला घोर लागला ना! पोचलाव का नीट?"

गीताबाईंनी पदरानं तोंडावरचा कोळसा पुसला. दाराशी दत्तराव दोन्ही हातांत पिशव्या तशाच धरून उभे होते.

"रडू नकू, बाई," त्या म्हणाल्या. "पोचलो. आमी लय लांब राहतो गं."